विहिरीची साक्ष

आम्हा वसईकरांची पाण्याशी पहिली ओळख होते ती विहिरीच्या काठावर. वाडीतल्या पाटातून केळीकडे नि पानवेलीकडे धावणारे पाणी आमच्या पिढीने पाहिले आहे, तसेच वैशाखात तळ गाठलेल्या विहिरीत डोकावणारे चिंतातूर चेहरेही पाहिले आहेत. विहीर आटते, विहीर खारी होते, उपसा वाढला की समुद्र आत सरकतो, ही दुखणी आम्हाला पिढीजात ठाऊक आहेत. परंतु विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येणे हे दुखणे मी प्रथम पाहिले ते नोकरीच्या निमित्ताने, तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यात, एका औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापाशी. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. त्या दुखण्यावर जीवाणूंचा उपाय करून पाहायचे ठरले आणि त्या उपायाची परीक्षा घेणाऱ्या चमूत रसायनतज्ज्ञ या नात्याने मी होतो. आता निवृत्तीनंतर त्या दिवसांकडे पाहताना वाटते की, उपायापेक्षा परीक्षेनेच मला अधिक शिकविले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत थोडक्यात अशी. कारखान्याच्या आवारात वाहनांसाठी पेट्रोलची भूमिगत टाकी होती. टाकी आणि पंप यांना जोडणारी लोखंडी नळी गंजली व तिच्यातून थेंब थेंब पेट्रोल किती काळ मातीत मुरत राहिले, ते कुणालाच नेमके सांगता आले नाही. जमिनीवर काही दिसत नव्हते. दिसले ते भिंतीपलीकडच्या पाड्यातल्या विहिरीत. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग आला आणि कळशीला वास येऊ लागला. टाकी रिकामी केली गेली, नळी बदलली गेली, पाड्याला कारखान्याच्या खर्चाने रोज टँकर सुरू झाला. गळती थांबली, म्हणजे प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. खरा प्रश्न तिथून सुरू होत होता.

पेट्रोल पाण्याहून हलके असते. ते जमिनीत झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत पोचते आणि तिथे पाण्यावर तरंगत पसरते. वाटेतल्या मातीच्या कणाकणाला ते चिकटून राहते. काही भाग वाफ होऊन मातीतल्या पोकळ्यांत शिरतो. आणि काही घटक पाण्यात विरघळतात. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन व झायलीन ही त्या घटकांची चौकडी. यांपैकी बेंझीन सर्वांत घातक, कारण ते माणसाला कर्करोग देते हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम बेंझीनची मर्यादा सुचविली आहे. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग. दुसऱ्या शब्दांत, चिमूटभर वजनाचे एक ग्रॅम बेंझीन एक लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. पाणी उपसून ही घाण संपत नाही, कारण मातीला चिकटलेले पेट्रोल नव्या पाण्यात पुन्हा विरघळत राहते. माती खणून काढावी, तर तिच्यावर कारखाना उभा.

अशा ठिकाणी जीवाणूंचा विचार पुढे येतो. त्या काळी 'तेल खाणारे जीवाणू' म्हटले की लोकांना आनंदमोहन चक्रवर्ती आठवत. बंगालमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेलाचे अनेक घटक पचवू शकणारा जीवाणू घडविला, आणि सजीवावरही पेटंट मिळू शकते असा निकाल १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात दिला. त्यामुळे कारखान्याच्या व्यवस्थापकांचीही अशी समजूत होती की आम्ही एखाद्या बाटलीतून नवा जीवाणू आणून जमिनीत सोडणार. वस्तुस्थिती निराळी होती. बहुतेक मातीत हायड्रोकार्बन पचविणारे जीवाणू मुळातच असतात. पेट्रोल आले की त्यांची संख्या वाढते. त्यांना उणीव भासते ती प्राणवायूची आणि नायट्रोजन-फॉस्फरससारख्या पोषक द्रव्यांची. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात अ‍ॅम्बलर या गावी पेट्रोलवाहिनी फुटली होती. तिथे रिचर्ड रेमंड या शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या आरंभी विहिरींतून हवा आणि क्षार पुरवून हेच केले. त्या पद्धतीचे पेटंट १९७४ सालचे आहे.

आमच्या प्रमुखांच्या टेबलावर मात्र एका निराळ्या गावाची हकीकत असे : दक्षिण कॅरोलायना राज्यातील हॅनाहान. तिथल्या इंधनसाठ्यातून १९७५ साली जेट विमानांचे सुमारे ८०,००० गॅलन, म्हणजे अंदाजे तीन लाख लिटर इंधन सांडले. बरेचसे आवरले गेले, तरी काही वाळूत मुरलेच. दहा वर्षांनी, १९८५ साली, दूषित भूजल शेजारच्या वस्तीपर्यंत पोचले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी आधी पाहिले की तिथल्या मातीतले जीवाणू हे घटक पचवून त्यांचा कार्बन डायऑक्साइड करीत आहेत, आणि पोषक द्रव्ये दिल्यास हा वेग वाढतो. मग १९९२ साली जमिनीत पुरलेल्या झिरपचरांतून ती द्रव्ये सोडण्यात आली व दूषित पाणी उपसविहिरींनी ओढून घेण्यात आले. १९९३ सालच्या अखेरीस वस्तीखालचे प्रदूषण ७५ टक्क्यांनी उतरले. चरांजवळ तर जिथे लिटरमागे ५,००० मायक्रोग्रॅमहून अधिक टोल्युइन होते, तिथे ते मोजण्याइतकेही उरले नाही.

ही हकीकत वाचून व्यवस्थापक साहेब प्रसन्न झाले. "मग आपणही तेच करू," ते म्हणाले. आमचे प्रमुख शांतपणे उत्तरले, "साहेब, हॅनाहानला वाळू आहे. आपल्याकडे मुरूम आहे, आणि मुरुमाखाली काळा कातळ." वाळूत पाणी सर्वत्र सारखे झिरपते; कातळात ते फटींच्या वाटेने जाते. एका फटीत हवा पोचेल, हातभर अंतरावरच्या दुसरीत पोचणार नाही. म्हणून तिकडचा निकाल इकडे उतरवून घेता येणार नव्हता. आपल्या जमिनीची परीक्षा आपल्यालाच घेणे भाग होते.

परीक्षा घ्यायची कशाची? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते : पाण्यातले बेंझीन मोजावे, घटले की उपाय लागू पडला. परंतु बेंझीन अनेक वाटांनी घटू शकते. ते हवेत उडून जाईल, पावसाच्या पाण्याने पातळ होईल, मातीला चिकटेल किंवा वाहत दुसऱ्याच्या विहिरीकडे जाईल. यांपैकी शेवटची वाट म्हणजे तर एकाचे दुखणे दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९३ साली यासाठी तीन पुराव्यांची अट घातली होती. पहिला, दूषित द्रव्य त्या जागेवरून खरोखर घटले आहे. दुसरा, तिथल्या जीवाणूंत ते पचविण्याची क्षमता आहे, हे प्रयोगशाळेत दिसते. तिसरा, ती क्षमता प्रत्यक्ष जमिनीत वापरली जात आहे. आमचे प्रमुख यांना 'तीन साक्षीदार' म्हणत. एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

दुसऱ्या साक्षीदाराला आम्ही आधी बोलाविले, कारण तो प्रयोगशाळेत बसून बोलणारा होता. जागेवरची माती व पाणी काचेच्या बाटल्यांत भरले. निम्म्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, दाबाखालच्या वाफेने तापवून त्यांतले जीव मारून टाकले. मग सर्व बाटल्यांत सारखेच बेंझीन व टोल्युइन घालून त्या बंद करून अंधारात ठेवल्या. मेलेल्या बाटल्यांत ही द्रव्ये जवळपास तशीच राहिली. जिवंत बाटल्यांत आधी टोल्युइन आणि मागाहून बेंझीन कमी होत गेले. जीवाणू होते, आणि ते उपाशी होते.

प्राणवायूचा हिशेबही येथे सांगण्यासारखा आहे. एक मिलिग्रॅम बेंझीन पुरते पचवायला जीवाणूंना तीन मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक लिटर पाण्यात फार तर आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे त्या लिटरातला सारा प्राणवायू अडीच मिलिग्रॅम बेंझीनलाच पुरणार! गळतीजवळच्या पाण्यात बेंझीन नि त्याची भावंडे मिळून याच्या कितीतरी पट असतात. प्राणवायू संपला की जीवाणू नायट्रेटकडे वळतात, मग मातीतल्या लोहाकडे, मग सल्फेटकडे, आणि काहीच नसेल तेव्हा मिथेन तयार होऊ लागतो. ही कामे होतात, पण सावकाश. आणि प्राणवायूविना बेंझीन पचविणे जीवाणूंनाही जड जाते. तथापि या खाणाखुणा परीक्षकाच्या उपयोगाच्या. पाण्यातला नायट्रेट संपला, विरघळलेले लोह वाढले, कार्बन डायऑक्साइड वाढला, तर खाली कुणीतरी जेवते आहे हे कळते. तिसरा साक्षीदार तो हाच.

जमिनीवरची मांडणी अशी होती. दूषित पट्ट्याचे दोन भाग केले. एकात नळविहिरींतून संथपणे हवा व पोषक क्षार सोडले. दुसऱ्याला हातही लावला नाही. वरच्या अंगाला एक निर्मळ कूपनलिका तुलनेसाठी राखली. सोडलेल्या पाण्यात मोजून थोडा ब्रोमाइड क्षार मिसळला. ब्रोमाइड जीवाणू खात नाहीत आणि तो हवेत उडत नाही. म्हणून तो जितका पातळ झाला तितकेच बाहेरचे पाणी मिसळले, असे धरता येते. हवेबरोबर वाफ होऊन किती बेंझीन निसटते हे पाहण्यासाठी मातीतल्या पोकळ्यांतील वायूही तपासला. नमुने घेणे हे तर व्रतच होते. निरीक्षण-विहिरीतले साचलेले पाणी आधी उपसून टाकायचे, मग ताजे पाणी छोट्या बाटलीत काठोकाठ भरायचे. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बेंझीन त्यात शिरते आणि आकडा खोटा निघतो. बाटली उलटी करून बुडबुडा नाही ना हे बघायचे, बर्फात ठेवायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफपर्यंत लवकरात लवकर पोचवायची.

पाड्यातल्या विहिरीचा नमुना घ्यायला गेलो की त्या घरच्या आजी बाहेर येत. विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. टँकर कधी सकाळी येई, कधी दुपारी. हंडे रांगेत ठेवून सुनेने घरी बसून राहायचे, म्हणजे तिचा दिवसाचा रोज बुडे. आजींचा प्रश्न दर वेळी एकच असे : "भाऊ, कधी पियाचा आमचे विहिरीचा पानी?"

पावसाळा आला. पहिल्या सरींनी भूजलाची पातळी चढली, तेव्हा मातीला चिकटलेले पेट्रोल पुन्हा भिजले आणि काही विहिरींत आकडे वाढले. मग आषाढ-श्रावणाच्या पाण्याने सगळे आकडे झरझर उतरले. पाड्यातल्या विहिरीचा वास गेला, तवंग गेला. गणपतीच्या सुमारास व्यवस्थापक साहेबांनी बैठक बोलाविली. टँकरचा खर्च त्यांच्या डोळ्यांवर येत होता. "वासही येत नाही, आकडेही उतरले. अहवाल लिहून टाका. टँकर बंद करू, लोक आपल्या विहिरीवर जातील." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. समोर कागद होता आणि कागदावर उतरती रेघ होती. शिवाय 'निसर्ग आपले काम करतो' हे वाक्य ऐकायला गोड आणि खर्चाला हलके.

आमच्या प्रमुखांनी दुसरा कागद पुढे केला. ज्या भागाला आम्ही हात लावला नव्हता, तिथलेही आकडे उतरले होते. ब्रोमाइडही उतरला होता. म्हणजे घट झाली होती ती मुख्यतः पावसाने, जीवाणूंनी नव्हे. वासाविषयी त्यांनी जे सांगितले ते मी कधी विसरलो नाही. पेट्रोलमधले अधिक वासाचे घटक आधी नाहीसे होऊ शकतात आणि बेंझीन मागे रेंगाळते. एकट्या बेंझीनचा वास पाण्याला येऊ लागतो तेव्हा ते सुरक्षित मर्यादेच्या निदान शंभर पट तरी झालेले असते. आपले नाक जिथे 'पाणी चांगले' म्हणते, तिथे ते चांगले असेलच असे नाही. बैठक बराच वेळ चालली. अखेर टँकर चालू राहिला. उन्हाळ्यापर्यंत थांबावे असे ठरले.

शिमग्यानंतर पातळी खाली गेली आणि हात न लावलेल्या भागात आकडे पुन्हा वर आले. हवा दिलेल्या भागात ते आले, पण पूर्वीइतके नाही. त्या वेळी प्रथमच तिन्ही साक्षीदार एका सुरात बोलले. ब्रोमाइडच्या मानाने बेंझीन अधिक घटले होते, कार्बन डायऑक्साइड वाढलेला होता आणि बाटल्यांतला निकाल जमिनीत उतरलेला दिसत होता. आम्हाला आनंद झाला हे खरे. पण त्याच अहवालात लिहावे लागले की हे यश मुरुमाच्या थरापुरते आहे. खालच्या कातळाच्या फटींत हवा नीट पोचत नाही, तिथे पेट्रोल अडकून आहे, आणि पाड्यातल्या विहिरीला पाणी त्याच फटींतून येते. उपाय चालू ठेवावा, विहीर पिण्यासाठी उघडू नये आणि पर्यायी पाण्याची सोय कारखान्याने करीत राहावी, असा अहवालाचा शेवट होता.

तो निकाल आजींना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. फटी, ब्रोमाइड, मायक्रोग्रॅम यांतले त्यांना काय सांगावे ह्याचा मी वाटेत विचार करीत होतो. शेवटी एवढेच सांगितले की औषध लागू पडते आहे, पण ते विहिरीच्या मुळापर्यंत अजून गेलेले नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ताप उतरलाय, पन अजून उठून बसायचा नाय." मी मान हलविली. त्यांनी सुनेला हाक मारून हंडे रांगेत लावायला सांगितले. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत, पण मला चहाही विचारला नाही. एरवी विचारल्याशिवाय राहत नसत. पुढे यथावकाश पाड्याला नळाचे पाणी आले. आमचे काम संपले तोपर्यंत त्या विहिरीवरची फळी काही निघाली नव्हती.

मला कुणी विचारतात, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला? उपयोग असा की, ज्या दिवशी 'पाणी प्या' असे म्हणणे सोयीचे होते, त्या दिवशी ते म्हटले गेले नाही. जीवाणू आपले काम करतात यात शंका नाही. मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे सतरा लाख लिटर खनिज तेल सांडले. साफसफाईनंतरही चार लाख लिटरांच्या आसपास जमिनीतच राहिले. १९८३ पासून शास्त्रज्ञ ती जागा अभ्यासत आले आहेत. तिथे जीवाणूंनी विरघळलेल्या विषाला भूजलाच्या वेगाने धावू दिले नाही, हे त्यांना दिसले. आणि चाळीस वर्षे उलटल्यावरही तेलाचा काही भाग जमिनीत शिल्लक आहे, हेही दिसले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिलीच सांगून दुसरी झाकणे हे शेजाऱ्याशी केलेले कपट होय.

आज आमच्या वसईत हमरस्त्यांच्या कडेने पेट्रोलपंप आणि गॅरेजेस उभी राहिली आहेत, आणि त्यांच्या पाठीमागेच कुणाच्या तरी वाडीतली विहीर असते. भूमिगत टाकी व नळ्या यांचे आयुष्य संपते, लोखंड गंजते. यात कुणाच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही. टाकी कोणत्या वर्षीची आहे, गळतीची तपासणी होते का, आजूबाजूला निरीक्षण-विहीर आहे का, हे विचारण्याचा शेजाऱ्यांना अधिकार आहे. विहिरीवर तवंग दिसला, वास आला, तर पाणी तत्काळ बंद करून तपासून घ्यावे. आणि कालांतराने वास गेला तर लगेच कळशी सोडू नये. पावसाळ्यातला नमुना चांगला निघाला तरी उन्हाळ्यातला घ्यावा, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मगच घरातल्या लेकराच्या हाती पेला द्यावा.